अगम : नाद, साहित्य आणि बंगळूरचा एक गीतसंग्रह

१

२०१२ मध्ये बंगळूर येथील 'अगम' ह्या वाद्यवृंदाचा 'द इनर सेल्फ अवेकन्स' हा गीतसंग्रह प्रसिद्ध झाला. आपल्या संगीतासाठी ह्या वृंदाने 'कर्नाटकी प्रोग्रेसिव्ह रॉक' असे नाव योजले आहे. नाव तीन शब्दांचे असून ते तिन्ही शब्द तीन निरनिराळ्या इतिहासांतून आलेले आहेत. रॉक हा दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वाढलेला, विद्युत्-गिटार आणि ढोलसंच ह्यांच्या आधाराने चालणारा लोकप्रिय गायनप्रकार. 'प्रोग्रेसिव्ह' हे विशेषण त्यास १९७० च्या आगेमागे इंग्लंडमध्ये चिकटले. किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस ह्यांसारख्या वृंदांनी तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडली, दीर्घ रचना बांधल्या, पाच-सात मात्रांची विषम आवर्तने योजिली आणि युरोपीय अभिजात संगीताची शिस्त रॉकमध्ये आणली. त्याच सुमारास, १९७० मध्ये, ब्लॅक सॅबथ ह्या वृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने जड, गडद, घणाघाती वादनाची एक वेगळी वाट दाखविली. तीस पुढे 'मेटल' हे नाव रूढ झाले. ह्या दोन वाटा कालांतराने एकत्र आल्या. १९९२ साली निघालेली अमेरिकेतील ड्रीम थिएटर ह्या वृंदाची 'इमेजेस अँड वर्ड्स' ही ध्वनिमुद्रिका त्या संगमाची सर्वज्ञात खूण होय. भावपूर्ण स्वरावली, गुंतागुंतीची लय आणि मेटलचे वजन ह्यांचा जो मेळ त्यात साधला गेला, त्याचेच एक दक्षिण भारतीय रूप 'अगम'च्या संग्रहात आढळते.

अशा संगीतासंबंधी जी चर्चा होते ती बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. एका पक्षाला परंपरेच्या शुद्धतेची काळजी असते. दुसऱ्या पक्षाला नवतेचे कौतुक असते. दोन्ही पक्ष नादाविषयी बोलतात आणि शब्दाला विसरतात. कर्नाटकी संगीतात मात्र गीताच्या शब्दांना जे नाव आहे ते 'साहित्य' हेच आहे. कृती ही केवळ बंदिश नव्हे. ती पल्लवी, अनुपल्लवी आणि चरण अशा क्रमाने उलगडत जाणारी कविता आहे. तेव्हा त्यागराजांची कृती विजेच्या गिटारवर चढते त्या वेळी त्या साहित्याचे काय होते, हा प्रश्न संगीतसमीक्षेइतकाच साहित्यसमीक्षेचाही आहे. ह्या संग्रहाने त्याचे उत्तर एकाच प्रकारे दिलेले नाही, आणि म्हणूनच तो विचारार्ह ठरतो.

२

हा प्रयोग बंगळुरात व्हावा हे अकारण नव्हे. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेली पेठ आणि १८०९ मध्ये ब्रिटिशांनी उभारलेली छावणी अशी ह्या नगराची दोन अंगे होती. पेठेत कन्नड, तेलुगू, तमिळ, मराठी आणि दखनी बोलणारे व्यापारी व कारागीर नांदत. छावणीत पलटणींचे बँड, चर्चमधील समूहगान आणि क्लबांतील नृत्यसंगीत चाले. दोन्ही अंगांमध्ये दीर्घकाळ अंतर राहिले, तरी एकाच शहराच्या कानावर दोन्ही प्रकारचे नाद पडत होते.

ह्या दोन नादांचे एकाच व्यक्तीत झालेले मीलन म्हणून म्हैसूरचे अखेरचे महाराज जयचामराज वाडियार (१९१९–१९७४) ह्यांचे उदाहरण लक्षणीय आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे ते जाणकार व उदार आश्रयदाते होते. रशियन संगीतकार निकोलाय मेट्नर ह्याच्या उतारवयात त्याच्या रचनांचे ध्वनिमुद्रण लंडनमध्ये होऊ शकले ते ह्या महाराजांच्या साहाय्यामुळे. त्याच महाराजांनी संस्कृतात ९४ कर्नाटकी कृतीही रचल्या. मात्र त्यांच्या ठायी हे दोन व्यासंग शेजारी शेजारी राहिले. पियानो कृतीत आला नाही आणि कृती पियानोकडे गेली नाही. दोन संगीतांना एका मंचावर बसविण्याचे काम बंगळुरातील तालवाद्यकारांनी केले. टी. ए. एस. मणी ह्यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये उभ्या राहिलेल्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन ह्या संस्थेने गायिका आर. ए. रमामणी ह्यांच्यासह अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो ह्याच्याबरोबर 'ज्योती' ही ध्वनिमुद्रिका केली. ती १९८३ मध्ये युरोपात प्रसिद्ध झाली. पाश्चात्त्य वादकाला दक्षिणेकडे ओढणारी गोष्ट प्रथम लयीचे गणित ही होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढील विवेचनात त्याचे प्रयोजन पडेल.

विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकविषयक उद्योगांमुळे भारताच्या सर्व प्रांतांतील तरुण ह्या शहरात आले. थर्मल अँड अ क्वार्टर (१९९६) आणि क्रिप्टॉस (१९९८) हे वृंद ह्याच काळातले. पैकी दुसरा निखळ मेटलचा. १७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडन आणि ३० ऑक्टोबर २०११ रोजी मेटॅलिका ह्या ख्यातनाम वृंदांचे कार्यक्रम म्हैसूरच्या राजघराण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॅलेस ग्राउंड्सवर झाले. ज्या घराण्यातील एका पुरुषाने कृती रचल्या आणि मेट्नरला आधार दिला, त्याच घराण्याच्या राजवाड्याच्या पटांगणावर मेटलचा गजर घुमावा, ह्यात इतिहासाची एक संगती दिसते.

'अगम'ची स्थापना २००३ ची. हरीश शिवरामकृष्णन हे त्याचे गायक व व्हायोलिनवादक, स्वामी सीतारामन हे कीबोर्डवादक व गीतकार, टी. प्रवीणकुमार हे गिटारवादक. २००७ मध्ये सन टीव्हीवरील 'ऊ ला ला ला' ह्या वाद्यवृंदांच्या स्पर्धेत ह्या वृंदाने यश मिळविले, आणि त्यानंतर पाच वर्षांनी हा पहिला संग्रह निघाला. वृंदाच्या नावात संस्कृत 'आगम' शोधावयाचा नाही. तमिळ भाषेत 'अगम' म्हणजे अंतरंग. संग्रहाचे इंग्रजी शीर्षक ह्याच अर्थाचा विस्तार होय. तमिळच्या प्राचीन संगम-काव्यशास्त्राने काव्याचे दोन विभाग केले आहेत : 'अकम्' म्हणजे अंतरीचे, प्रेमाचे, निनावी काव्य, आणि 'पुरम्' म्हणजे बाहेरचे, रणाचे, राजाचे, कीर्तीचे काव्य. मेटल हे आपल्या स्वभावाने 'पुरम्' आहे. रणभेरी, शस्त्रे, मृत्यू, जमावाचा जल्लोष ही त्याची सामग्री. अंतरंगाचे नाव घेतलेल्या वृंदाने हे बहिरंगाचे वाद्य हाती धरावे, ह्या विरोधातच संग्रहाचे सारे मर्म साठवलेले आहे.

३

शुद्धतेच्या आक्षेपाचा विचार करताना दक्षिणेचा पूर्वेतिहास नजरेआड करून चालणार नाही. आणि त्या इतिहासात मराठ्यांचा वाटा मोठा आहे. बंगळूर ही सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीर होती. तेथूनच त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे दक्षिणेकडे गेले आणि तंजावरचे मराठी राज्य स्थापन झाले. ते १८५५ पर्यंत टिकले. त्यागराज (१७६७–१८४७) ज्या तिरुवैयारूला राहिले ते तंजावरपासून जवळ, कावेरीच्या काठी आहे. सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८–१८३२) ह्यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्ये होती, पाश्चात्त्य स्वरलिपी होती आणि मराठी कीर्तनही होते. ज्या काळाला आज कर्नाटकी संगीताचा सुवर्णकाळ म्हणतात, तो काळ परक्या नादापासून अलिप्त नव्हता.

व्हायोलिनचेच पहावे. आज ह्या वाद्यावाचून कर्नाटकी मैफल कल्पिता येत नाही. तथापि ते युरोपातून आलेले आहे. मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) ह्यांनी मद्रास येथे एका युरोपीय वादकाकडून ते शिकून घेतले. स्वतः मुथुस्वामींनी सेंट जॉर्ज किल्ल्यातील बँडच्या चालींवर संस्कृत पदे बांधली. 'नोट्टुस्वर' ह्या नावाने ती ओळखली जातात, आणि त्यांत इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या चालीवर रचलेले एक पदही आहे. तंजावरच्या चार नट्टुवनार बंधूंपैकी वडिवेलू हे पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ (१८१३–१८४६) ह्या महाराजांच्या आश्रयास गेले. महाराजांनी त्यांच्या व्हायोलिनवादनावर प्रसन्न होऊन १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन दिले. त्याच दरबारात तंजावरहून आलेले मेरुस्वामी हे रामदासी परंपरेतील मराठी कीर्तनकार होते. महाराजांच्या आख्यानरचनांवर मराठी कीर्तनपद्धतीचा ठसा असल्याचे अभ्यासकांनी नमूद केले आहे.

'अगम'च्या संग्रहातील 'धनश्री तिल्लाना' ही मूळ रचना ह्याच स्वाती तिरुनाळांची. ज्या दरबारात व्हायोलिन नवे होते, मराठी कीर्तनकाराचा मान होता आणि मल्याळी राजा हिंदी भाषेत पदे रचीत होता, त्या दरबारातील ही वस्तू आहे. तिला गिटारचा स्पर्श झाला म्हणून तिचे पावित्र्य ढळले असे म्हणावयाचे, तर ते पावित्र्य मुळात कोठे होते ह्याचा शोध घ्यावा लागेल.

मात्र ह्या युक्तिवादाने सारे काही सिद्ध होते असे नाही. पूर्वी मिश्रण झाले म्हणून आजचे मिश्रण आपोआप चांगले ठरत नाही. व्हायोलिन टिकले ते परके असूनही नव्हे, तर त्याला पडदे नसल्यामुळे. गमकाची प्रत्येक वळणे ते गळ्यामागोमाग घेऊ शकले. उलट पेटीचे उदाहरण मराठी वाचकांस परिचित आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'ने मराठी रंगभूमीला कर्नाटकी चालींसह नवे संगीत दिले. पुढे ह्याच रंगभूमीवर पेटी मानाने बसली. पण तिचे स्वर ठोकून बसविलेले, त्यामुळे मींड तिला दुर्घट. म्हणून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला मज्जाव केला आणि तो १९७१ पर्यंत सैल झाला नाही. तरीही शब्दाला उठाव देणारी साथ म्हणून तिचे स्थान गेले नाही. ह्यावरून निकष निघतो तो असा : आगंतुक वाद्य रागाची वाट अडविते की मोकळी करते, आणि शब्दाला पुढे आणते की झाकून टाकते.

४

विद्युत्-गिटारला हा निकष लावला असता काही अनपेक्षित गोष्टी हाती लागतात. गिटारला पडदे आहेत. परंतु तार आडवी ओढून स्वर चढविता येतो, म्हणजे मर्यादित का होईना, गमक निघते. यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) ह्यांनी बालवयातच विद्युत्-मेंडोलिनवर कर्नाटकी राग सिद्ध करून तारवाद्याची ही शक्यता आधीच दाखवून दिली होती. साध्या गिटारचा आणखी एक दोष असा, की छेडलेला स्वर लगेच विरतो. मेटलवादक जो कर्कश, फाटलेला आवाज वापरतात, ज्याला 'डिस्टॉर्शन' म्हणतात, त्याने हा दोष नाहीसा होतो. ध्वनी इतका वाढविला जातो की त्याच्या लहरी छाटल्या जातात, उपस्वर दाट होतात आणि स्वर लांबवर टिकतो. परिणामी तारेचे हे वाद्य गजाच्या वाद्याच्या जवळ येते. ज्याला गोंगाट म्हणून नाक मुरडले जाते, त्या गोंगाटानेच गिटारला दीर्घ श्वास दिला आहे.

स्वरसंवादाचेही असेच आहे. पाश्चात्त्य संगीतात एका वेळी अनेक स्वर वाजवून जो स्वरसंघ बनतो, त्यात सामान्यतः मूलस्वर, त्याचा गंधार आणि पंचम असे तीन स्वर असतात. रागसंगीताला हा गंधार सहसा मानवत नाही, कारण तो रागाच्या स्वतःच्या स्वरांशी भांडतो. मेटलवादक मात्र गंधार वगळून केवळ मूलस्वर आणि पंचम एकत्र वाजवितात. त्यास ते 'पॉवर कॉर्ड' म्हणतात. दाट ध्वनीत तिसरा स्वर घातला तर गढूळपणा येतो, एवढेच त्याचे व्यावहारिक कारण. पण षड्ज आणि पंचम ह्यांचा अखंड नाद म्हणजे तंबोराच नव्हे काय ? जॅझच्या नाजूक आणि श्रीमंत स्वरसंघांपेक्षा मेटलचा हा दरिद्री आणि दांडगा स्वरसंघ रागाला अधिक मानवतो. ह्या दोन संगीतांची भेट कलावंतांच्या हौसेवरच उभी नाही. नादाच्या घडणीतच तिचा पाया आहे.

लयीच्या बाबतीत तर भेट फारच सुलभ झाली. आदितालाचे ८ अक्षर चतुरश्र गतीत ३२ मात्रा देतात. ह्या ३२ मात्रांत १० मात्रांचा एक तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रेचा विराम सोडून बसविला, तर तो बरोबर आवर्तनाच्या अखेरीस संपतो आणि पुढील समेवर सर्वजण एकत्र येतात. मृदंगवादकाला हे नित्याचे आहे. उत्तरेकडील तिहाईचे हे सख्खे भावंड. प्रोग्रेसिव्ह मेटलमध्येही गिटार विषम मात्रांचा तुकडा फिरवीत राहते, ढोल सम मात्रा धरून असतो आणि काही आवर्तनांनी दोघे समेवर मिळतात. दोन्हीकडे श्रोत्याचा आनंद एकाच जातीचा आहे : हरवण्याचा आणि सापडण्याचा. चार्ली मारियानोच्या पिढीला बंगळुरात जे आकर्षण वाटले ते ह्याच गणिताचे होते.

५

नाद आणि लय ह्यांची ही अनुकूलता ध्यानी घेतल्यावर संग्रहातील दोन रचना शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. पहिली 'धनश्री तिल्लाना'. कर्नाटकी धनश्री हा राग मराठी श्रोत्याला भीमपलासाच्या अगदी जवळचा वाटेल. त्याच्या आरोहात षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल निषाद हे पाच स्वर येतात. नेमके हेच पाच स्वर रॉक गिटारची मातृभाषा आहेत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गायनातून ते तिच्याकडे आले. अवरोहात ऋषभ व धैवत मिळून जे सात स्वर होतात, त्यांपैकी धैवताचा अपवाद केला तर प्रत्येक स्वराचा पंचम रागातच सापडतो. म्हणजे पॉवर कॉर्ड धनश्रीत जवळजवळ मोकळेपणी फिरू शकते. शिवाय तिल्लाना हा तराण्याशी नाते सांगणारा प्रकार. त्याचा बराचसा भाग नादाक्षरांचा. अर्थाचा अडसर नाही, रागाचा नाही, तालाचा नाही. ही रचना सहज, प्रवाही, उल्हसित झाली आहे ह्यात नवल नाही. दोन नद्या समान पातळीवर मिळाव्यात तसे हे मीलन आहे.

दुसरी रचना 'स्वान्स ऑफ सरस्वती'. ही त्यागराजांची हंसनादम् रागातील 'बंटुरीति कोलु' ही कृती. हंसनादम् रागात गंधार मुळीच नाही. आजच्या गायनात धैवतही वगळला जातो. शुद्ध ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम आणि शुद्ध निषाद एवढ्याच स्वरांवर तो उभा आहे. गंधारहीन पॉवर कॉर्ड ह्या गंधारहीन रागाला शोभेल असे प्रथमदर्शनी वाटते. पण हिशेब मांडला की अडचण दिसते. षड्ज, पंचम आणि निषाद ह्यांचे पंचम रागात आहेत. ऋषभाचा पंचम म्हणजे शुद्ध धैवत आणि तीव्र मध्यमाचा पंचम म्हणजे कोमल ऋषभ, हे दोन्ही रागाबाहेर आहेत. म्हणजे ह्या रागात गिटारला तीनच पायऱ्या मोकळ्या आहेत. जेथे राग आपल्या सर्वांत बोलक्या स्वरावर, तीव्र मध्यमावर, येतो तेथेच गिटारच्या स्वरसंघाने मौन पाळावयाचे किंवा एकेरी स्वर लावावयाचा. येथे दोन संगीतांत संवाद नाही, विरोध आहे.

आणि साहित्याचाही असाच विरोध आहे. ह्या कृतीत भक्त रामापाशी शिपायाची चाकरी मागतो. ज्या शत्रूंना लोळवावयाचे ते बाहेरचे नाहीत. काम, मद आदी अंतरीचे रिपू आहेत. चरणात ह्या शिपायाचा साज सांगितला आहे : रोमांच हे त्याचे चिलखत, रामभक्त ही त्याच्या अंगावरील बिल्ल्याची मुद्रा आणि रामनाम हे त्याचे खड्ग. तंजावरच्या राजाश्रयाचे आमंत्रण त्यागराजांनी नाकारले असे परंपरा सांगते. ती आख्यायिका बाजूस ठेवली तरी, दरबारांच्या आणि पलटणींच्या त्या युगात एका कवीने दरबारी शिपायाची सारी परिभाषा उचलून ती अंतरंगात नेऊन ठेवली, ही गोष्ट कृतीतच स्पष्ट आहे. संगम-काव्यशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर 'पुरम्'ची सर्व शस्त्रे 'अकम्'च्या सेवेस लावली आहेत.

मेटलचे वजन अशा साहित्यावर पडते तेव्हा दोन गोष्टी संभवतात. गिटारने खड्ग तेवढे ऐकले आणि चाकरी ऐकली नाही, तर विनवणीची आरोळी होईल आणि भक्त मागणारा न राहता जिंकणारा ठरेल. पण गायकाचा गळा कृतीच्या चौकटीत राहिला, व्हायोलिनने त्याची पाठ सोडली नाही आणि गिटारचा भार त्या नम्र स्वराभोवती तटबंदीसारखा उभा राहिला, तर एक अर्थ प्रकट होतो, जो दोनच व्हायोलिन-मृदंगाच्या साथीत तितका ठळक होत नाही : अंतरीचे युद्धही युद्धच असते, आणि त्यातील शत्रू दुबळे नसतात. 'अगम'ची रचना बहुतांशी ह्या दुसऱ्या बाजूस झुकते. तिचे मोल ते हेच. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार कल्पिले होते. त्या परिभाषेत 'धनश्री तिल्लाना' ही संवादाने पूर्ण होते. 'बंटुरीति'चे हे रूप विरोधातून समतोलाकडे जाण्याचा यत्न करते. पहिली अधिक निर्दोष आहे. दुसरी अधिक अर्थपूर्ण आहे. मिश्रसंगीताची समीक्षा सामान्यतः बेमालूमपणाला पूर्ण गुण देते. परंतु सांधा दिसत नाही हे कारागिरीचे लक्षण झाले. सांध्यावर ताण पडून तेथे नवा अर्थ निपजतो की नाही, ही कलेची कसोटी होय.

६

ह्या कसोटीला संग्रह सर्वत्र उतरत नाही. कृतींना दिलेली नवी नावे हेच त्याचे पहिले गमक. 'स्वान्स ऑफ सरस्वती' ह्या नावात रागाच्या नावातील हंस आहे आणि त्या हंसामागोमाग त्याची स्वामिनी शारदा आली आहे. पण कृतीतला राम नाही, शिपाई नाही, चाकरीची याचना नाही. शीर्षक रागाला दिले, साहित्याला नाही. २०१७ मध्ये आलेल्या 'अ ड्रीम टु रिमेंबर' ह्या दुसऱ्या संग्रहातही हेच दिसते. त्यागराजांची नलिनकांती रागातील 'मनव्यालकिंचरादटे' ही कृती तेथे 'मिस्ट ऑफ कॅप्रिकॉर्न' म्हणजे मकराचे धुके ह्या नावाने येते. ही कृती मनाला उद्देशून आहे : बा मना, माझे गाऱ्हाणे ऐक, तुला सारे मर्म सांगतो, असा तिचा रोख. रामदासांच्या मनाच्या श्लोकांवर वाढलेल्या मराठी वाचकास हा सूर आपल्या घरचा वाटेल. तो उपदेशाचा आणि आर्जवाचा दुहेरी सूर नव्या नावात उरलेला नाही. उरले आहे ते एक सुंदर, संदिग्ध वातावरण. उलट त्याच संग्रहात मुथुस्वामी दीक्षितरांची 'रंगपुर विहार' आणि एम. डी. रामनाथन् (१९२३–१९८४) ह्यांची 'सागर शयन विभो' ह्या कृती आपल्या मूळ नावानिशी वावरतात, ही गोष्ट वृंदाची दृष्टी साहित्याकडे अधिक वळल्याचे सुचविते.

ह्या बाबतीत सर्व दोष वाद्यवृंदाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. त्यागराजांची तेलुगू तमिळ प्रदेशात गाइली गेली ती दोनशे वर्षे. तिचा नाद पाठ असणारे पुष्कळ आणि अर्थ जाणणारे थोडे, ही स्थिती जुन्या मैफलीतही होतीच. बंगळुरात ती अधिक उघड झाली इतकेच. ज्या शहरात श्रोता कन्नड, तमिळ, मल्याळी, हिंदी वा मराठी भाषिक असतो आणि इंग्रजी ही सर्वांची दुय्यम भाषा असते, तेथे शब्दाची जागा ध्वनीने घ्यावी आणि अर्थाची जागा इंग्रजी शीर्षकाने घ्यावी, हे ओघानेच येते. स्वामी सीतारामन ह्यांची तमिळ गीते आणि केरळच्या नौकागीतांच्या वळणाचे 'द बोट साँग' ह्यांमधून वृंदाने आपल्या पिढीचा शब्द शोधण्याचा यत्न केला आहे. तरीही संग्रहाचे केंद्र जुन्या कृतींकडेच राहते. ज्याला 'अंतरंग' हे नाव आहे त्या वृंदाला आपल्या अंतरंगाची सखोल भाषा दोन शतकांपूर्वीच्या कवीकडून उसनी घ्यावी लागावी, ही त्या पिढीचीच स्थिती होय. विद्येने, व्यवसायाने आणि वाद्याने ती आधुनिक झाली. परंतु दुःखाची आणि याचनेची तिची परिभाषा अद्याप घडावयाची आहे.

ह्या दृष्टीने पाहता 'द इनर सेल्फ अवेकन्स' हा संग्रह नोट्टुस्वरांचा आणि किर्लोस्करी पदांचा वंशज ठरतो. दीक्षितरांनी परक्या चालीत आपले शब्द घातले. किर्लोस्करांनी शेजारच्या चालीत कालिदासाचे नाटक मराठीत उभे केले. 'अगम'ने आपले जुने शब्द परक्या नादात नेले. पहिल्या दोन प्रसंगी शब्द नवे रचले गेले, म्हणून ते नव्या चालीशी बेतता आले. तिसऱ्या प्रसंगी शब्द पूर्वीचे आणि पूज्य. त्यांना हात लावावयाचा नाही, केवळ भोवतालचे आकाश बदलावयाचे. हे काम अधिक अवघड आहे. ह्यात पदोपदी शब्द हरवण्याचे भय आहे, आणि तो जेथे हरवत नाही तेथे तो पूर्वी कधी ऐकला नव्हता अशा भाराने ऐकू येतो. हंसनादमच्या तीव्र मध्यमावर गिटारचा स्वरसंघ थांबतो आणि गळा एकटाच वर जातो, त्या ठिकाणी एका शिपायाची मागणी अजून उभी आहे. तिच्या भोवती चिलखत मात्र पोलादाचे आहे.